एकच विषाणू, निरनिराळ्या प्रकृती : डेंग्यूच्या प्रतिकारात अनुवंशाचा वाटा

एकाच घरात राहणाऱ्या दोन भावंडांना एकाच आठवड्यात डेंग्यूची लागण झाली, तर दोघांचे दुखणे सारखेच असेल असे आपण सहज गृहीत धरतो. प्रत्यक्षात तसे घडतेच असे नाही. थोरल्याला दोन दिवस कणकण येते आणि तो पुन्हा शाळेत जाऊ लागतो. धाकट्याचा ताप चौथ्या दिवशी उतरतो, घरची मंडळी निश्चिंत होतात आणि नेमके त्याच दिवशी पोट दुखू लागून त्याला रुग्णालयात हलवावे लागते. त्याच घरातील आजीला लागण होऊनही काहीच जाणवत नाही. असे का व्हावे? "ज्याची त्याची प्रकृती" असे उत्तर आपल्याकडे पूर्वापार दिले जाते. हे उत्तर चुकीचे नाही, मात्र अपुरे आहे. प्रकृती म्हणजे नेमके काय आणि तिच्यात आईवडिलांकडून आलेला भाग किती, याचा शोध गेल्या काही दशकांत शास्त्रज्ञांनी घेतला असून त्या कार्यात महाराष्ट्राचाही वाटा आहे. गावपातळीवर आरोग्याची जबाबदारी सांभाळणाऱ्या प्रत्येकाने या शोधाचे सार आणि त्याच्या मर्यादा समजून घेणे उपयुक्त ठरेल.

अहिल्यानगर जिल्ह्यातील कर्जत तालुक्याच्या संदर्भात हा विषय मांडण्याचे एक कारण आहे. रायगड जिल्ह्यातील कर्जत पावसाचे. हे कर्जत भीमा आणि सीना या नद्यांच्या मधले, सिद्धटेक व राशीन यांचे, अवर्षणप्रवण पट्ट्यातले. येथे पाणी साठविल्याखेरीज संसार चालत नाही. रांजण, हौद, सिमेंटच्या टाक्या, प्लॅस्टिकची पिंपे आणि जनावरांचे हाळ ही येथील घरोघरची साधने होत. डेंग्यूचा प्रसार करणारा एडिस इजिप्ती डास अशाच स्वच्छ, साठविलेल्या पाण्यात वाढतो. म्हणून डेंग्यू हा केवळ शहरांचा किंवा केवळ भरपूर पावसाच्या प्रदेशाचा आजार आहे, ही समजूत येथे सोडून द्यावयास हवी.

आजाराचे स्वरूप

डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. बाधित माणसाचे रक्त शोषल्यानंतर साधारणतः ८ ते १२ दिवसांनी एडिस डासाची मादी रोग पसरविण्यास समर्थ होते. ती मुख्यतः दिवसा चावते. डास चावल्यापासून ४ ते १० दिवसांत ताप, डोकेदुखी, डोळ्यांच्या मागे वेदना, अंगदुखी व सांधेदुखी ही लक्षणे दिसू लागतात.

मात्र सर्वांनाच ती दिसतात असे नाही. जगात दरवर्षी सुमारे ३९ कोटी लोकांना डेंग्यूची लागण होते व त्यांपैकी सुमारे ९.६ कोटी लोकांनाच लक्षणे जाणवतात, असा अंदाज २०१३ साली शास्त्रज्ञांनी मांडला. याचा अर्थ असा की, चार बाधितांपैकी तिघांना आपण बाधित आहोत याची जाणीवही होत नाही. ज्यांना ताप येतो त्यांपैकी बहुतेक बरे होतात. अल्पसंख्य रुग्णांमध्ये मात्र सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंती झिरपू लागतात, रक्तातील द्रव बाहेर पडतो, रक्तदाब घसरतो व जिवावर बेतते. ही अवस्था बहुधा ताप उतरण्याच्या सुमारास, आजाराच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसांत येते.

येथे एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात घ्यावी. ही हानी विषाणू एकटा करीत नाही. तिच्यातील मोठा भाग आपल्याच प्रतिकारयंत्रणेच्या अतिरेकी प्रतिसादातून होतो. म्हणूनच प्रतिकारयंत्रणा कशी चालते हे पाहणे आवश्यक ठरते.

प्रतिकाराच्या दोन फळ्या

शरीराच्या संरक्षणाच्या दोन फळ्या मानता येतील. पहिली फळी जन्मजात असते. विषाणू पेशीत शिरल्याची चाहूल लागताच पेशी 'इंटरफेरॉन' नावाचे द्रव्य सोडून शेजारच्या पेशींना सावध करतात. नैसर्गिक मारक पेशी बाधित पेशींना हुडकून नष्ट करतात. हे काम काही तासांत सुरू होते.

दुसरी फळी अनुभवातून शिकणारी असते. तिला तयार होण्यास काही दिवस लागतात. परंतु ती शत्रू ओळखून ठेवते. तिच्यातील टी पेशी बाधित पेशींवर चालून जातात, तर बी पेशी प्रतिपिंडे तयार करतात. ही प्रतिपिंडे रक्तातील विषाणूला चिकटून त्याला निष्प्रभ करतात. या दोन्ही फळ्यांना आपसांत निरोप देण्यासाठी अनेक रासायनिक दूत असतात. त्यांपैकी 'टीएनएफ' नावाचा दूत प्रमाणाबाहेर वाढला, तर रक्तवाहिन्या अधिक झिरपू लागतात.

या यंत्रणेतील प्रत्येक भाग जनुकांच्या आज्ञेनुसार बनतो. जनुके आईकडून एक संच व वडिलांकडून एक संच अशी आपल्याकडे येतात. एकाच जनुकाची माणसामाणसांत थोडीथोडी वेगळी रूपे असतात. कोणाचा इंटरफेरॉनचा इशारा लवकर पोचतो, कोणाचे टी पेशींना शत्रू दाखविण्याचे साधन अधिक पारखी असते, तर कोणाचे रासायनिक दूत अधिक प्रमाणात बाहेर पडतात. सख्ख्या भावंडांतही ही वाटणी एकसारखी होत नाही. वर सांगितलेल्या दोन भावांच्या आजारातील फरकाचा एक धागा येथे सापडतो.

उंदरांपासून माणसापर्यंत

अनुवंशाचा संबंध प्रथम उंदरांवरील प्रयोगांत स्पष्ट झाला. पुढे पोलिओच्या तोंडावाटे द्यावयाच्या लसीमुळे जगप्रसिद्ध झालेले डॉ. अल्बर्ट सेबिन यांनी १९५२ साली असे दाखविले की, डेंग्यूच्याच कुळातील विषाणूंना उंदरांचे काही वंश दाद देत नाहीत आणि हा गुण पिढ्यान्‌पिढ्या एका जनुकाच्या नियमाने उतरतो. हे जनुक कोणते, याचा उलगडा व्हावयास मात्र २००२ साल उजाडले. ते 'ओएएस' या कुळातील जनुक निघाले. इंटरफेरॉनचा इशारा मिळताच विषाणूचा आनुवंशिक मजकूर तोडून टाकण्याच्या कामी या कुळाची मदत होते.

माणसाच्या बाबतीत एकाच जनुकावर सारे अवलंबून नसते. २००५ साली थायलंडमधील रुग्णांच्या अभ्यासातून 'डीसी-साइन' या रेणूकडे लक्ष वेधले गेले. त्वचेखालील पहारेकरी पेशींवरील हा रेणू म्हणजे विषाणूला आत शिरण्याचा एक दरवाजाच होय. या दरवाजाची संख्या ठरविणाऱ्या जनुकाचे एक रूप साध्या डेंग्यू तापापासून संरक्षण देणारे आढळले. रक्तस्रावी तापाच्या बाबतीत तसा परिणाम दिसला नाही. तैवानमधील २०११ सालच्या अभ्यासात तर याच जागेवरील फरक तीव्र आजाराशी निगडित आढळला.

त्याच वर्षी व्हिएतनाममधील एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. डेंग्यूमुळे रक्तदाब घसरलेली २,००८ बालके व तुलनेसाठी २,०१८ व्यक्ती यांच्या संपूर्ण जनुकसंचाची त्यात छाननी करण्यात आली आणि नंतर आणखी काही हजार व्यक्तींवर निष्कर्ष पडताळून पाहण्यात आले. दोन जनुके ठळकपणे पुढे आली. 'एमआयसीबी' हे जनुक बाधित पेशीवर धोक्याची खूण उभारते व त्या खुणेमुळे नैसर्गिक मारक पेशी जाग्या होतात. दुसऱ्या, 'पीएलसीई-१' या जनुकातील दोषांचा संबंध मूत्रपिंडातील गाळणीच्या विकारांशी पूर्वीच आढळला होता. डेंग्यूतही गाळणीप्रमाणे द्रव रोखून धरणाऱ्या भिंतीच दगा देतात, हे पाहता हा शोध विचारप्रवर्तक ठरला.

२०१३ साली श्रीलंकेतील कोलंबो येथील रक्तदात्यांच्या अभ्यासातून आणखी एक बाब पुढे आली. टी पेशींना शत्रूचे तुकडे दाखविण्याचे काम 'एचएलए' या कुळातील जनुके करतात. ज्या एचएलए रूपांमुळे टी पेशींचा प्रतिसाद जोरदार व बहुविध होतो, ती रूपे सौम्य आजाराशी निगडित दिसली. म्हणजे प्रतिसाद जोरदार असणे हे नेहमीच घातक नसते. तो वेळेवर व नेमका असला तर तारक ठरतो.

पुण्यातील संशोधन

या विषयात महाराष्ट्राचे स्थान मोलाचे आहे. पुणे येथे १९५२ साली भारतीय वैद्यकीय संशोधन क्षेत्रातील शिखर संस्था व रॉकफेलर प्रतिष्ठान यांच्या सहकार्याने विषाणू संशोधन केंद्र स्थापन झाले. १९७८ साली त्याला राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था हे नाव मिळाले. डेंग्यूच्या निदानासाठी लागणारे प्रतिपिंड चाचणीचे संच ही संस्था तयार करते व राष्ट्रीय कार्यक्रमाद्वारे ते देशभरातील केंद्रांना पुरविले जातात.

याच संस्थेतील शास्त्रज्ञांनी डेंग्यूच्या रुग्णांच्या जनुकांचा अभ्यास करून २०१२ व २०१३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. 'ड' जीवनसत्त्वाचा संदेश स्वीकारणारे जनुक, वर उल्लेखिलेले ओएएस कुळ, एचएलए कुळातील एक गट आणि टीएनएफ हा दूत बनविणारे जनुक यांची रूपे त्यांनी तपासली. साधा डेंग्यू ताप, रक्तस्रावी ताप व निरोगी व्यक्ती या गटांमध्ये काही रूपांचे प्रमाण वेगवेगळे आढळले. भीमेच्या पलीकडच्या काठावर पुणे जिल्हा व अलीकडे कर्जत तालुका असल्यामुळे, हा प्रश्न परदेशांतील प्रयोगशाळांपुरता नसून आपल्या दाराशी असलेला आहे, हे यावरून पटावे.

पूर्वीच्या लागणीचा वाटा

तथापि सर्व भार अनुवंशावर टाकणे बरोबर होणार नाही. डेंग्यूच्या एका प्रकाराची लागण होऊन गेल्यावर त्या प्रकारापासून दीर्घकाळ संरक्षण मिळते. परंतु पुढे दुसऱ्या प्रकाराची लागण झाली, तर जुनी प्रतिपिंडे नव्या विषाणूला चिकटतात आणि त्याला पुरते निष्प्रभ करू शकत नाहीत. उलट, त्या प्रतिपिंडांचे बोट धरून विषाणू पेशींत अधिक सहज शिरतो. गावचा जुना पहारेकरी नव्या चोराला ओळखीचा समजून दार उघडून देतो, तसाच हा प्रकार होय.

क्यूबा या देशात याचा कटू अनुभव आला. तेथे १९७७ साली पहिल्या प्रकाराची साथ आली व ती बहुतांशी सौम्य होती. १९८१ साली दुसऱ्या प्रकाराची साथ आली, तेव्हा ३,४४,२०३ रुग्णांची नोंद झाली आणि १५८ जण दगावले. जगातील पहिल्या डेंग्यू लसीच्या बाबतीतही, पूर्वी कधीच लागण न झालेल्यांना लस दिल्यास पुढील आजार तीव्र होण्याचा धोका वाढतो, असे २०१७ साली निदर्शनास आले. भारतात विकसित होत असलेल्या लसीची तिसऱ्या टप्प्यातील चाचणी ऑगस्ट २०२४ मध्ये रोहतक येथून सुरू झाली. चारही प्रकारांपासून सारखे संरक्षण मिळणे किती आवश्यक आहे, हे या पार्श्वभूमीवर ध्यानात येईल.

आपल्या देशात २०१७-१८ मध्ये १५ राज्यांत झालेल्या रक्तनमुन्यांच्या पाहणीत सुमारे ४८.७ टक्के लोकांना पूर्वी केव्हातरी डेंग्यूची लागण होऊन गेल्याचे आढळले. पश्चिम विभागात हे प्रमाण ६२.३ टक्के होते. म्हणजे दुसऱ्यांदा लागण होऊ शकेल अशी माणसे आपल्याभोवती मोठ्या संख्येने आहेत. "मला एकदा डेंग्यू होऊन गेला, आता भीती नाही" हे म्हणणे म्हणूनच धोक्याचे आहे.

वंश, जात आणि गैरसमज

क्यूबामधील १९८१ व १९९७ च्या साथींत आफ्रिकी वंशाच्या लोकांमध्ये तीव्र आजाराचे प्रमाण कमी आढळले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात यामागील दोन जनुकेही सुचविण्यात आली. अशा बातम्यांवरून कोणी असा तर्क काढील की, अमुक समाजाची माणसे काटक, त्यांना काही होत नाही. हा तर्क अशास्त्रीय आहे. जनुकांची रूपे सर्वच समाजांत विखुरलेली असतात. कमीअधिक असते ते केवळ त्यांचे प्रमाण. एखाद्या गटाची सरासरी पाहून त्या गटातील एका बालकाच्या नशिबाचा निर्णय करता येत नाही. "आमच्या घराण्यात कोणाला असे आजार होत नाहीत" म्हणून रुग्णाला घरीच ठेवणे जिवावर बेतू शकते. शिक्षकांनी अनुवंशाचा पाठ शिकविताना हा मुद्दा विद्यार्थ्यांच्या मनावर आवर्जून ठसवावा.

तपासणीने आधी कळेल काय?

मग जनुकांची तपासणी करून धोक्यातील माणसे आधीच हुडकता येणार नाहीत काय, असा प्रश्न साहजिक आहे. याचे उत्तर एका हिशोबाने देता येईल. व्हिएतनाममधील अभ्यासानुसार एमआयसीबीच्या धोकादायक रूपाच्या एका प्रतीमुळे तीव्र आजाराची शक्यता सुमारे एक-तृतीयांशाने वाढते. समजा, हजार बाधितांपैकी १० जणांचा आजार तीव्र होतो. तर हे रूप असलेल्या हजार बाधितांत असे सुमारे १३ जण निघतील. उरलेले ९८७ जण हे रूप असूनही सुखरूप राहतील आणि हे रूप नसलेल्यांतूनही हजारी दहा जण अत्यवस्थ होतील. एवढ्याशा फरकावर विसंबून कोणाला निर्धास्त ठेवणे अथवा कोणाला घाबरविणे योग्य नव्हे.

मग या संशोधनाचा उपयोग काय? प्रतिकाराची साखळी कोठे तुटते हे कळले, म्हणजे औषधे व लसी कोणत्या दुव्यावर योजावयाच्या हे ठरविता येते. त्यासाठी भारतीय लोकांच्या जनुकांची माहिती हवी. 'जीनोम इंडिया' प्रकल्पात देशातील ८३ लोकसमूहांमधील सुमारे १०,००० व्यक्तींच्या जनुकसंचाचे वाचन करण्यात आले व ही माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुली करण्यात आली. या कामाची फळे यावयास वेळ लागेल. तोपर्यंत व्यवहारात एकच नियम पाळावयाचा : कोणाची प्रकृती कशी हे आधी कळत नसल्यामुळे प्रत्येक रुग्णावर सारखेच लक्ष ठेवावयाचे.

धोक्याची लक्षणे

तीव्र पोटदुखी, वारंवार उलट्या, हिरड्यांतून वा नाकातून रक्त येणे, काळी शौचास होणे, अतिशय ग्लानी किंवा अस्वस्थता, हातपाय गार पडणे आणि लघवी कमी होणे ही लक्षणे दिसताच रुग्णाला विनाविलंब रुग्णालयात न्यावे. ताप उतरल्यानंतरचे एक-दोन दिवस सर्वांत जपण्याचे होत. तापासाठी वैद्यकीय सल्ल्याने पॅरासिटामॉल द्यावे. ॲस्पिरिन व आयब्युप्रोफेन टाळावीत, कारण त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. पाणी, पेज, क्षारसंजीवनी असे पातळ पदार्थ भरपूर द्यावेत. उपचारांअभावी तीव्र डेंग्यूच्या शंभरातील वीस वा त्याहून अधिक रुग्ण दगावू शकतात. वेळीच व योग्य उपचार मिळाल्यास हे प्रमाण शंभरात एकाहून खाली आणता येते. कोणत्याही जनुकापेक्षा हा फरक कितीतरी मोठा आहे.

पाणी न सांडता डास रोखणे

आठवड्यातून एक दिवस 'कोरडा दिवस' पाळून सर्व भांडी रिकामी करावीत, असे आरोग्य खाते सांगते. अंड्यापासून डास तयार होण्यास साधारणपणे सात ते दहा दिवस लागतात, म्हणून हा आठवड्याचा नियम आहे. परंतु जेथे टँकरच्या पाण्यावर दिवस काढावे लागतात, तेथे भरलेला रांजण ओतून द्या असे गृहिणीला सांगणे अव्यवहार्य आहे, आणि तिने ते न ऐकल्यास तिला दोष देता येणार नाही. पाणी न गमावताही हे काम साधते. पाणी स्वच्छ फडक्यातून गाळून दुसऱ्या भांड्यात घ्यावे, म्हणजे अळ्या फडक्यावर राहतात. रिकामे भांडे आतून घासून, पुसून उन्हात ठेवावे. ही घासणी महत्त्वाची आहे, कारण एडिसची अंडी भांड्याच्या कोरड्या भिंतीला चिकटून अनेक महिने टिकतात व पाणी मिळताच त्यांतून अळ्या बाहेर पडतात. भांड्यांची तोंडे झाकणाने किंवा कापडाने घट्ट बांधावीत. रिकामे करता न येणाऱ्या हौदांत व हाळांत गप्पी मासे सोडावेत. जुने टायर, फुटक्या कुंड्या व करवंट्या यांची विल्हेवाट लावावी.

या कामी प्रत्येकाचा वाटा ठरलेला असावा. ग्रामपंचायतीने पाणी येण्याचा वार ध्यानात घेऊन त्याच्या आदल्या दिवशी भांडी घासण्याचा दिवस ठरवावा. त्या दिवशी भांडी आपोआपच रिकामी होत आलेली असतात. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना अळ्या ओळखण्यास शिकवावे व त्यांच्याकडून घरच्या भांड्यांची पाहणी करवून घ्यावी. आशा स्वयंसेविका व आरोग्यसेवक यांनी तापाच्या प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवून ताप उतरल्यानंतरच्या दिवसांतही त्याच्या घरी फेरी मारावी. एखाद्या गल्लीत दोन-तीन तापकरी आढळल्यास प्राथमिक आरोग्य केंद्राला त्वरित कळवावे.

आईवडिलांकडून आलेला वारसा बदलणे कोणाच्या हाती नाही. लेखाच्या आरंभी उल्लेखिलेल्या धाकट्या भावाला त्याची जनुके निवडता आली नव्हती. परंतु त्याच्या घरच्या रांजणाचे तोंड बांधलेले असणे, ताप उतरल्यावरही कोणीतरी त्याच्याकडे लक्ष ठेवणे आणि पोट दुखू लागताच त्याला रुग्णालयात पोचविणे या तीन गोष्टी मात्र गावाच्या हाती आहेत. त्या पार पडल्या, तर त्याची प्रकृती कशीही असो, तो थोरल्या भावाबरोबर पुन्हा शाळेत जाऊ लागण्याची शक्यता खचितच वाढेल.